आमेनच्या आधीचं नाव

"…आजाऱ्याला बरं कर, वाटेवरच्याला सांभाळ, आन् सयाजीला सुखरूप घरी आण. प्रभूच्या नावानं मागतो. आमेन."

कृष्णातनं डोळे उघडले आणि कपाळावरचा घाम बाहीला पुसला. चार माणसांपुढं उभं राहून प्रार्थना करायची त्याची ही पहिलीच खेप. कोल्हापुरात मिशनच्या आवारातल्या शाळेच्या खोलीत वर्ग भरला होता. खेड्यापाड्यांतली माणसं बसली होती. कुणी दुसऱ्याच्या रानात राबणारा, कुणी कातडं कमावणारा, एक सडकेवरचा मुकादम, आणि भिंतीकडेला सतरंजीवर पाच-सहा बायका.

"चांगली केलीत," पाळकसाहेब म्हणाले. त्यांना सगळे अप्पा म्हणत. "आवाजही लागला. हे सयाजी कोण? आजारी आहेत का कुणी?"

कृष्णातला वाटलं, परीक्षा चाललीय. तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागला.

"ते काय ठावं न्हाई, साहेब."

"ठाऊक नाही?"

"प्रार्थनेतलं हाय की त्ये. आमच्या वस्तीत प्रार्थना अशीच संपती. मला वाटलं, समद्यांच्यात तशीच असंल." आणि आपण अगदीच अडाणी दिसू नये म्हणून त्यानं पुढं जोडलं, "शास्त्रातलंच कुनीतरी असणार. याकोब, योसेफ, तसं."

खोलीत हसू फुटलं. आजऱ्याकडचा एक गडी तर मांडीवर थाप मारून हसला. कृष्णात कुणाकडं बघावं ते न कळून स्वतःही थोडा हसला.

भिंतीकडेला धोंडुबाई उठून उभी राहिली. उठताना तिनं कुणाचा हात घेतला नाही.

"दात कशापायी काढता रं? घरात खायाला न्हाई म्हणून हिकडं दाखवायला आणल्यात व्हय?" ती म्हणाली. "शास्त्रातला न्हवं त्यो. माझ्या पोटातला हाय. सयाजी म्हंजे माझा ल्योक."

आजऱ्याच्या गड्यानं मांडीवरचा हात हळूच उचलून घेतला. धोंडुबाईच्या शेजारी बसलेली तिची सून कालिंदी मान खाली घालून सतरंजीचा एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती.

धोंडुबाईची वस्ती कागलच्या अलीकडं, सडकेपासून आत. दहा-बारा ख्रिस्ती घरं, सगळी कातड्यात हात असलेली. मिशनचा पगारी उपदेशक महिन्यातनं एकदा यायचा. बाकीच्या रविवारी माणसं धोंडुबाईच्या सोप्यात जमायची, कारण तिचा सोपा मोठा आणि तिच्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. तिला वाचता येत नव्हतं. शास्त्रभाग कालिंदी वाचायची, म्हातारा केरबा टाळ धरायचा आणि प्रार्थना धोंडुबाईची. ती तिनं कुठं शिकली नव्हती. बाजारात दर ठरवावा तशी ती देवाशी बोलायची. जे पाहिजे ते स्पष्ट मागायची आणि मिळालं की स्पष्ट कबूल करायची.

लढाईच्या दिवसांत तिचा एकुलता एक पोरगा लष्करात गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून प्रार्थनेच्या शेवटी ते वाक्य आलं. पहिल्यांदा ती एकटीच म्हणायची. मग तिच्या मागनं बायका म्हणायला लागल्या, मग पुरुष, मग पोरं. लढाई संपली. इटलीच्या मुलखात एका नदीकाठी त्याची तुकडी माऱ्यात सापडली आणि तो परत आला नाही, असं सरकारनं कळवलं. त्याचं मढं कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळं धोंडुबाईनं ते कळवणं सरकारकडंच ठेवलं. "सरकारला काय ठावं? सरकारनं बाळंतपण केलंतं व्हय माझं?" एवढंच ती बोलली आणि पुढच्या रविवारी वाक्य होतं तिथंच राहिलं. इंग्रज गेला, संस्थान गेलं, वस्तीत नवी पोरं जन्मली, आणि ज्यांनी सयाजीला डोळ्यांनी पाहिलं नव्हतं तीही डोळे मिटून त्याला सुखरूप घरी मागायला लागली.

कृष्णात वस्तीत आला तो अलीकडं, निपाणीच्या बाजूनं. पटकीच्या साथीत बायको गेलेला, एकटा, अबोल गडी. धोंडुबाईनं त्याला आपल्या सोप्याच्या कडेला काम करायला जागा दिली आणि तो रापीनं कातडं कापत असताना ती त्याला शास्त्र सांगायची. कालिंदीकडनं ऐकलेलं, त्यात स्वतःचं मीठमिरची घालून. दीड वर्षानं त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याला सयाजी ठाऊक असायचं कारण नव्हतं. घरात आणि वस्तीत सयाजीला सगळे बाळू म्हणत. आक्काचा, म्हणजे धोंडुबाईचा, बाळू लष्करात हाय, एवढं कृष्णातनं ऐकलं होतं. सयाजी हे नाव सरकारदरबारी आणि देवापुढं तेवढं निघायचं. आणि जिनं ते सांगावं ती कालिंदी त्याची बायको. नवऱ्याचं नाव ती कसं घेणार?

आता मिशनचे गोरे साहेब एकेक करून मायदेशी निघाले होते. पगारी उपदेशक सगळीकडं पुरणार नव्हता. म्हणून ज्या त्या वस्तीनं आपल्यातली दोन माणसं पाठवावीत, त्यांनी उपासना चालवायला शिकावं, पाळक वेळेवर पोचला नाही तर मढं मातीआड करायला शिकावं, आणि प्रत्येकानं एक तरी माणूस धरून त्याला प्रभूचा शिष्य करावं, असं ठरलं होतं. वस्तीनं धोंडुबाई आणि कृष्णातला धाडलं. वाचून दाखवायला कालिंदी संगट. एसटीत बसताना धोंडुबाईची मान ताठ होती. बाकीचे शिष्य करायला शिकायला चालले होते. ती करून घेऊन चालली होती.

आणि त्या शिष्यानं पहिल्याच दिवशी तिला चव्हाट्यावर आणलं.

दुपारच्या भाकरीला कृष्णात तिच्यासमोर उकिडवा बसला. त्यानं अजून घास मोडला नव्हता.

"आक्का, चुकलं माझं."

"गिळ आता."

"बाळू म्हंजेच सयाजी, ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाई."

"सांगायचं काय त्यात? माझ्या मागनं म्हणत हुतास न्हवं?"

"म्हणत हुतो की. रोज. जोडं शिवताना बी, वाटंनं जाताना बी." तो थोडा थांबला. "लई मनापासनं म्हणत हुतो, आक्का. कोन हाय ते ठावं नसताना."

धोंडुबाईनं त्याच्या भाकरीवर झुणक्याचा गोळा टाकला आणि तोंड फिरवलं.

दुपारच्या वर्गात अप्पा खडू न घेताच बोलायला उभे राहिले. "तुम्ही जे सांगाल," ते म्हणाले, "त्यातलं निम्मं माणसं विसरतील. पण तुम्ही जे रोज कराल ते उचलतील. न सांगता उचलतील. आपण कसे चालतो, कुणावर ओरडतो, कशाला भितो, सगळं."

मग त्यांनी कृष्णातला पुन्हा उभं केलं. सकाळचं हसं झालेलं पुसून काढावं, असा त्यांचा हेतू असणार. कृष्णातनं हात जोडले, डोळे मिटले आणि सुरुवात करण्याआधी दोनदा खोकला.

कोरडा, आतून ओढून काढलेला खोकला.

धोंडुबाईचा हात आपसूक स्वतःच्या छातीवर गेला. हा तिचा खोकला होता. जन्मभर चुन्याच्या हौदाशी बसून, भिजल्या कातड्याचा वास ओढून तिच्या छातीत बसलेला. प्रार्थनेआधी तो मोकळा करायची तिची सवय. या गड्याच्या छातीत काही नव्हतं, बैलासारखी छाती होती त्याची. तरी तो खोकला होता, कारण प्रार्थना अशीच सुरू होते, असं त्याला वाटत होतं.

या खेपेला कुणी हसलं नाही. कृष्णात शेवटाकडं आला, "वाटेवरच्याला सांभाळ" म्हणाला आणि अडखळला. पुढचं म्हणावं की न म्हणावं? त्यानं एक डोळा किलकिला करून धोंडुबाईकडं बघितलं. शेळी गोठ्याच्या दारात थबकते तसा तो तिथंच उभा राहिला. शेवटी अप्पांनीच आमेन म्हटलं.

वर्ग सुटल्यावर ती अप्पांच्या ओसरीवर गेली. अप्पांच्या बायकोला सगळे माई म्हणत. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. यांनीच दोन वर्षांमागं कालिंदीसाठी स्थळ आणलं होतं. उत्तूरच्या शाळेतले एक ख्रिस्ती मास्तर, बायको वारलेली. तेव्हा धोंडुबाईनं माईंना दारातनंच वाटेला लावलं होतं.

"अप्पा, एक इचारायचं हाय," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "देवाकडं मागू नगं म्हणता व्हय मला?"

"नाही म्हणत," अप्पा म्हणाले. "आईला मागू नको म्हणायची माझी छाती नाही."

"मग?"

"तुम्ही एकट्या मागत होता तोवर ते तुमचं होतं, धोंडुबाई. आता सगळी वस्ती मागते. सयाजीची बायको त्याच वस्तीत राहते. जो अजून यायचाय म्हणून मंडळी दर रविवारी आमेन म्हणते, त्याच्या बायकोला मागणी घालायला कोण धजेल?"

धोंडुबाईचं तोंड उघडलं होतं, पण माई मध्येच बोलल्या. त्यांचे डोळे सुपातच होते.

"मी स्थळ घेऊन बसलेली नाही, बाई. घाबरू नका. एकच विचारते. कालिंदी ते वाक्य म्हणते का?"

"न म्हणून सांगती कुणाला?"

"ऐकलंय तुम्ही?"

धोंडुबाई उत्तर द्यायला गेली, आणि तिच्या ध्यानात आलं, की आपण ऐकलेलं नाही. केरबाचा घोगरा आवाज तिला आठवत होता, पोरांचा किनरा कालवा आठवत होता. कालिंदीचा आवाज आठवत नव्हता. इतक्या वर्षांत तिनं डोळे मिटून आपलाच आवाज ऐकला होता.

कालिंदी विहिरीवर भांडी घासत होती. धोंडुबाई जाऊन काठावर बसली. सूर्य शाळेच्या कौलांआड उतरत होता.

"का गं, तू माझ्या पोरासाठी मागत न्हाईस व्हय?"

कालिंदीचा हात थांबला. "नाव कसं घिऊ, आत्ती?"

"देवापुढं कसली लाज?"

"देवापुढं न्हाई. तुमच्यापुढं." तिनं राख घेऊन पुन्हा तवा घासायला घेतला. "तुमी ते म्हणता तवा मी गप बसते. समदी म्हणत्यात, तेवढ्यात माझं गप ऱ्हाणं ध्यानात येत न्हाई कुणाच्या."

"आन् मनात?"

"मनात मागत हुते की. पयली-पयली लई मागितलं. चुलीम्होरं बी रडले, तुमी रानात गेल्यावर."

"आन् आता?"

कालिंदीनं तव्यावर पाणी ओतलं, राखेचं काळं पाणी दगडांमधनं वाहत गेलं.

"आता तुमच्यासाठी मागते."

"मला काय धाड भरलीय?"

"ह्यांच्याबिगर तुमास्नी ऱ्हाता यावं, म्हणून मागते, आत्ती. मला कवाच ऱ्हाता यायला लागलंय. पर तुमास्नी एकटीला वाट बघत सोडून कुठं जाऊ?"

धोंडुबाईजवळ सगळ्यांसाठी शब्द असायचे. सावकाराला, पाटलाला, दारू पिऊन येणाऱ्या वस्तीतल्या जावयांना तिनं शब्दांनी सोलून काढलं होतं. त्या संध्याकाळी तिनं फक्त घासलेला तवा उचलला, पालथा केला आणि पदरानं पुसत बसली. तो पुसून कोरडा झाल्यावरही पुसत होती.

वर्गाच्या उरलेल्या दिवसांत ती कुणाशी भांडली नाही. आजऱ्याच्या गड्याला तर जास्तच धास्ती वाटायला लागली. तो दोनदा तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला. मढं मातीआड करताना कोणतं वचन म्हणायचं ते अप्पांनी शिकवलं तेव्हा तिनं कालिंदीकडनं ते परत परत म्हणून घेतलं आणि ओठांतल्या ओठांत घोळवलं. शेवटच्या दिवशी अप्पांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला. कृष्णातला वस्तीभोवतीची तीन गावं नेमून दिली. तिथं चार-दोन घरं ख्रिस्ती विश्वासात आली होती आणि त्यांना सांगायला कुणी नव्हतं. चालत जायचं, चालत यायचं.

रविवारी धोंडुबाईच्या सोप्यात नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली. कोल्हापुराहून शिकून आलेली माणसं काय वेगळं करतात, ते बघायला. केरबानं टाळ धरला. गाणं झालं. कालिंदीनं शास्त्रभाग वाचला. कृष्णात दोन शब्द बोलला. बोलण्याआधी खोकला नाही, ते फक्त धोंडुबाईच्या ध्यानात आलं.

मग ती उभी राहिली. सगळ्यांनी डोळे मिटले.

तिनं पावसासाठी मागितलं. केरबाच्या गुडघ्यासाठी मागितलं. परवा व्यालेल्या म्हशीच्या रेडकासाठीही मागितलं, कारण ते दूध ओढत नव्हतं आणि घरात दुसरा आधार नव्हता. "आजाऱ्याला बरं कर," ती म्हणाली. "वाटेवरच्याला सांभाळ."

आणि थांबली.

सगळ्यांच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. पुढं बसलेल्या एका पोरानं सुरुवातही केली, "सयाजीला सु…" आणि आक्काचा आवाज सोबत नाही म्हणून ते गोंधळून गप्प झालं. त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. केरबानं डोळे उघडले. धोंडुबाई सोप्याच्या खांबाला एक हात लावून उभी होती, डोळे घट्ट मिटलेले, जबडा आवळलेला. ते वाक्य तिच्या तोंडाशी येऊन उभं होतं. ते म्हणणं सोपं होतं. आणि ते सोडून आमेनवर जायचं, तर मधली जागा तिला ओलांडता येत नव्हती.

वस्तीनं वाट बघितली. म्हातारी काही विसरलीय, असं कुणाला वाटलं नाही.

तेव्हा बायकांमधनं आवाज आला. मोठा नव्हता, पण कापत नव्हता.

"सयाजी आमच्यात दिलास," कालिंदी म्हणाली, "त्याबद्दल, प्रभू, तुझे उपकार मानतो."

लग्न होऊन या घरात आल्यापासून तिच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलं नव्हतं. नवरा हयात आहे तोवर बाई त्याचं नाव घेत नाही; ते आज का निघालं, हे कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. एका म्हातारीनं पदर तोंडाशी नेला.

"आमेन," धोंडुबाई म्हणाली. सगळ्यांच्या आधी.

मागनं सगळी वस्ती आमेन म्हणाली, जरा उशिरानं, जरा विस्कळीत. या वाक्यानंतरचं आमेन त्यांच्या सवयीचं नव्हतं.

माणसं पांगली. नेहमीसारखं कुणी गप्पा मारत थांबलं नाही. कालिंदी चुलीकडं गेली. धोंडुबाई आत गेली आणि फडताळाच्या वरच्या फळीवरनं जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं गाठोडं काढलं.

आत कापशी वहाणांचा जोड होता. सयाजीच्या बापानं पोराच्या लग्नासाठी आपल्या हातानं केलेला. अशा केल्या होत्या, की पाऊल टाकलं की कर्रकर्र वाजावं. पोरगा सडकेवरनं वळला की सोप्यात बसलेल्या आईला कळायचं. लष्करात बूट मिळाले आणि वहाणा घरी राहिल्या. दर शनिवारी ती त्यांना तेलाचं बोट लावायची. कातडं तडकलं नव्हतं, पट्टा काळाभोर झाला होता.

कृष्णात सोप्याच्या पायरीवर उभा होता, काखेत शास्त्राची पिशवी. पहिलं गाव गाठायचं तर आताच निघायला हवं होतं. त्याच्या पायांत काही नव्हतं. स्वतःसाठी केलेला जोड गेल्या बाजारात गिऱ्हाइकाला आवडला, म्हणून त्यानं देऊन टाकला होता.

"जोडं शिवणारा, आन् अनवाणी शास्त्र सांगत फिरणार व्हय?" धोंडुबाई म्हणाली आणि वहाणा त्याच्यापुढं टाकल्या. "घाल."

कृष्णातनं वहाणांकडं बघितलं. कातडं ओळखणारा माणूस तो. हात लावायच्या आधीच त्याला कळलं, की या कुणाच्या आहेत.

"आक्का, ह्या नगं मला."

"तुला कोन इचारतंय? घाल म्हणलं की घालायचं."

त्यानं खाली बसून एकेक पाऊल आत घातलं. उभा राहिला.

"सैल हायत वाईच."

"चालून चालून बसत्यात."

तो काहीतरी बोलायला गेला, तिनं हातानं वाट दाखवली. मग आत वळून, आवाज जरा चढवूनच, ती म्हणाली, "कालिंदे, बुधवारी कागलच्या बाजारात मिशनातलं कुनी भेटलं तर माईस्नी सांगावा धाड. म्हणावं, आक्कानं बसायला बोलावलंय. ह्या खेपंला दारात न्हाई, आत."

चुलीकडं फुंकणीचा आवाज थांबला.

कृष्णात पायरी उतरला. कर्र. कर्र. धोंडुबाई खांबाला टेकून खाली बसली आणि तिनं डोळे मिटले. इतकी वर्षं ती लेकाची पावलं सडकेकडनं घराकडं येताना ऐकायला बसली होती. आता वहाणांचा तो आवाज घराकडनं सडकेला लागला, बाभळीपाशी जरा थांबला, बहुतेक सैल पट्टा सारखा करायला, मग पुन्हा सुरू झाला. ओढ्याच्या पलीकडं जाईपर्यंत तो ऐकू येत होता.

तो विरल्यावर ती उठली आणि वहाणा गुंडाळलेलं लुगडं झटकून घडी घालायला लागली.